दीड फुटी कडप्पा आणि २७ इंची मॉनिटर

काम आणि गेम दोन्हींसाठी केवढा मॉनिटर घ्यावा, याचा निकाल आधीच सांगते, म्हणजे घाईतल्यांची सुटका होईल. मी घेतला २७ इंची, २५६० बाय १४४० पिक्सेलांचा (पिक्सेल म्हणजे चित्राचा एक ठिपका; पुढं नुसतं १४४० म्हणेन), आयपीएस जातीच्या पॅनेलचा, १८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १८० चित्रं दाखवणारा मॉनिटर. दिवाळीच्या सेलमध्ये, बँकेच्या कार्डाची सवलत धरून, साडेसतरा हजारांना पडला. पीसीत गेमचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड आहे एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबी मेमरीचं. तुमचं टेबल पुरेसं खोल असेल आणि कार्ड या तोडीचं किंवा वरचं असेल, तर हेच माप घ्या. नसेल तर २४ इंची १०८० (१९२० बाय १०८०, म्हणजे फुल एचडी) घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला. २७ इंचात १०८० मात्र कुणी फुकट दिला तरच घरात आणा.

आता सावकाश.

नांदेडात तरोडा नाक्याच्या अलीकडं माझं डीटीपीचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. दिवसभर लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेच्या पत्रिका, निवडणूक आली की हँडबिलं. रात्री शटर ओढलं की त्याच खुर्चीत, त्याच स्क्रीनवर गेम. एज ऑफ एम्पायर्स २ कॉलेजपासूनचा, रेड डेड रिडेम्प्शन २ हप्त्या-हप्त्यानं, आणि एल्डन रिंगमध्ये मार खाणं रोजचं. म्हणजे माझ्या मॉनिटरला दोन पाळ्या आहेत, आणि हा रिव्ह्यू दोन्ही पाळ्यांचा आहे. नुसत्या गेमसाठी घेणाऱ्यांनी पत्रिकेचा भाग गाळून वाचला तरी चालेल, पण वाचलात तर फायदा आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतल्या मॉनिटरांची पॅनेलं बीओई, एयूओ, इनोलक्स अशा मोजक्या कारखान्यांतून येतात. वरचं प्लॅस्टिक आणि मागची रंगीत लाईट तेवढी बदलते. मॉडेल नंबरही सारखे बदलतात. तुम्ही शोधायला जाल तोवर माझावाला मिळेलच असं नाही. माप आणि रिझोल्युशन (पिक्सेलांची संख्या) यांचं गणित मात्र बदलत नाही, म्हणून त्यावरच बोलते.

मॉनिटर कुठला घेऊ, असं विचारायला येणाऱ्याला मी पहिला प्रश्न करते: टेबल किती खोल आहे? पोरं हसतात. पण आपल्याकडं भिंतीत कडप्पा बसवून टेबल करायची पद्धत आहे, आणि गवंडी काही न विचारता दीड फूट धरतो. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर. मॉनिटरच्या स्टँडचा पाय मागं भिंतीला टेकवला तरी स्क्रीन भिंतीपासून साधारण वीतभर पुढंच राहते. मग कीबोर्ड, मग तुम्ही. डोळा आणि काच यांच्यात जेमतेम ४५-५० सेंटिमीटर उरतात. २७ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप; अशा स्क्रीनची रुंदी जवळजवळ ६० सेंटिमीटर असते. हातभर अंतरावर स्वतःच्याच अंतरापेक्षा रुंद चीज ठेवली की डोळे सरकवून भागत नाही, मान फिरवावी लागते. तासाभरात मानेचा मणका हजेरी लावतो.

माझं टेबलही तसंच, दीड फुटी. त्यामुळं मॉनिटरसोबत आलेला स्टँड मी माळ्यावर टाकला आणि भिंतीवर ब्रॅकेट मारून घेतलं. मागं चार स्क्रूंची भोकं असतात, २७ इंचीला बहुतेक १०० बाय १०० मिलिमीटर, लहानांना ७५ बाय ७५. याला वेसा माउंट म्हणतात. घेण्याआधी ही भोकं आहेत का ते बघा, काही स्वस्त मॉडेलांत नसतात. ब्रॅकेटमुळं स्क्रीन भिंतीच्या चार बोटं पुढं आली आणि डोळ्यापासूनचं अंतर ६० सेंटिमीटरच्या वर गेलं. खुर्ची थोडी मागं ओढली की ७०. या एका कामानं २७ इंची मला झेपला. क्लॅम्पवाला आर्म कडप्प्याला लावायच्या भानगडीत पडू नका, एकाच ठिकाणी आवळलं की फरशी कोपऱ्यातून तडकते. सागवानी किंवा प्लायचं टेबल असेल तर खुशाल लावा.

अंतर ठरलं की रिझोल्युशनचं उत्तर आपोआप येतं. ६/६ नजर म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखणारी नजर. हे कागदावर मांडलं की ८० सेंटिमीटरवरून ०.२३ मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपका सुटा दिसत नाही. २७ इंची १४४० मध्ये एक पिक्सेल बरोबर तेवढाच असतो, ०.२३३ मिलिमीटर. २४ इंची १०८० मध्ये तो ०.२७ च्या पुढं, आणि २७ इंची १०८० मध्ये ०.३१. हा शेवटचा ठिपका नजरेआड व्हायला तुम्हाला मीटरभर लांब बसावं लागेल, आणि मीटरभर लांब बसून माउस कोण चालवतं? इंचामागं पिक्सेल मोजायची सवय असेल तर तेच आकडे असे: २४ इंची १०८० ला ९२, २७ इंची १०८० ला ८२, २७ इंची १४४० ला १०९, ३२ इंची १४४० ला पुन्हा ९२, २७ इंची ४के (३८४० बाय २१६०) ला १६३.

यातला ३२ इंची १४४० चा आकडा नीट बघा. दाटी २४ इंची १०८० एवढीच आहे. स्क्रीन मोठी झाली, पण रेघ बारीक झाली नाही. दुकानदार हेच माप जोरात विकतात, कारण भिंतीवर लावलं की उठून दिसतं. नांदेडातल्या एका दुकानात मला ऐकवलं, "ताई, मोठा घ्यायलाव तर बत्तीसच घ्या की, टीव्हीसारखं दिसतंय." टीव्हीसारखं दिसतंय हे खरंच, आणि तेच मला नको होतं. दोन-अडीच फूट खोल टेबल असलेल्या, मागं रेलून कंट्रोलरवर खेळणाऱ्या माणसाला ते माप चांगलं आहे. गाड्यांचे गेम, फोर्झा वगैरे, त्यावर मस्त.

सिकंदराबादला पार्कलेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्येही डोकावून आले होते. नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं. रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथं, आणि दुकानांत चार मापं शेजारी शेजारी चालू दिसतात. आमच्याकडं २२ आणि २४ सोडून बाकी सगळं "मागवून देतो" असतं. तिथल्या पोरानं समजावलं, "मॅडम, सत्ताईस में फुल एचडी लेलो, सेमिच दिखता." मी पेन ड्राइव्हवरची एक पत्रिका त्याच्या दोन्ही मॉनिटरांवर लावायला सांगितली. 'ज्येष्ठ', 'द्वितीय', 'आशीर्वाद' असे शब्द आठ पॉइंटात. १०८० वर रफार आणि अनुस्वार एकमेकांत गेले होते, 'ध' की 'घ' ते जवळ जाऊन बघावं लागत होतं. १४४० वर खुर्चीत टेकून वाचता येत होतं. पोरगा म्हणाला, "हौ, फरक तो है." त्याला याआधी हे कुणी लावून दाखवायला सांगितलं नसावं.

इंग्रजीची उभी-आडवी अक्षरं कमी पिक्सेलांतही निभावतात. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. सगळं त्याच उंचीत कोंबायचं असतं. म्हणून मॉनिटर बघायला जाताना एक मराठी पीडीएफ सोबत न्या, सातबारा असला तरी चालेल. गेमचे डेमो व्हिडिओ सगळ्याच स्क्रीनवर झकास दिसतात, ते त्यासाठीच बनवलेले असतात. आणि गेममध्येही शेवटी वाचायचंच असतं. एल्डन रिंगमधल्या शस्त्रांची माहिती, एम्पायर्समधले गावकऱ्यांचे बारके आकडे, रेड डेडमधली पत्रं.

पत्रिकेच्या पाळीचा अजून एक फायदा. ए४ कागद २९.७ सेंटिमीटर उंच. माझ्या जुन्या २३.८ इंची मॉनिटरची पूर्ण उंची २९.६. म्हणजे टूलबार, टास्कबार सगळं काढून टाकलं तरी ए४ खऱ्या मापात मावत नव्हता. २७ इंचीची उंची ३३.६ सेंटिमीटर. आता कागद शंभर टक्के मापात उभा राहतो आणि गिऱ्हाईकाला स्क्रीनवर पट्टी लावून दाखवता येतं: "हे बघा काका, नाव एवढंच मोठं येईल." नाव मोठं करा म्हणणारे काका तरीही ऐकत नाहीत, पण तो मॉनिटरचा दोष नाही.

मग ४के का नाही? पैशांचं एक आहेच. पण माझ्यासाठी मोठं कारण जुनी सॉफ्टवेअरं. २७ इंचात ४के घेतला की विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरं-बटणं मोठी करून दाखवणं, १५० टक्के करावं लागतं, नाहीतर अक्षरं मुंगीएवढी. आणि पानं लावायच्या पेजमेकर ७ सारखी, २००१ सालची सॉफ्टवेअरं स्केलिंगला ओळखतच नाहीत. एक तर सगळं धूसर, नाहीतर बटणं सुईच्या टोकाएवढी. मराठी डीटीपीत पेजमेकर अजून मेलेला नाही, त्याच्या जुन्या फायली तर कधीच मरणार नाहीत. १४४० वर स्केलिंग शंभरच ठेवते. अक्षर जुन्या स्क्रीनपेक्षा जरा लहान दिसतं, पहिल्या हप्त्यात सवय होते.

गेमच्या बाजूनं ४के म्हणजे कार्डाला वेठबिगारी. १०८० मध्ये कार्ड दर फ्रेमला, म्हणजे दर चित्राला, २०.७ लाख पिक्सेल रंगवतं. १४४० मध्ये ३६.९ लाख. ४के मध्ये ८२.९ लाख, म्हणजे १०८० च्या बरोबर चौपट. तुमच्या कार्डावर एखादा गेम १०८० ला सेकंदाला ८० फ्रेम देत असेल तर १४४० ला साधारण ५०-५५ धरा आणि ४के ला पंचविशीच्या आसपास. प्रत्येक गेमचं थोडं वेगळं, पण दिशा हीच.

इथं डीएलएसएसचा, म्हणजे आरटीएक्स कार्डांतल्या लहान चित्र काढून ते मोठं करायच्या सोयीचा, हिशेब माहीत असणं फायद्याचं, आणि खूप जण तो उलटा करतात. १४४० चा मॉनिटर, डीएलएसएस 'क्वालिटी'वर ठेवला, की कार्ड आत प्रत्यक्षात १७०७ बाय ९६० एवढंच चित्र काढतं आणि ते ताणून १४४० करतं. ९६० म्हणजे १६.४ लाख पिक्सेल, साध्या १०८० पेक्षाही कमी. ताणायला थोडा वेळ जातो, फुकट काही नाही. पण १४४० च्या स्क्रीनवरचं ते चित्र माझ्या जुन्या १०८० च्या थेट चित्रापेक्षा साफ दिसतं. १०८० च्या मॉनिटरवर तेच 'क्वालिटी' लावलं तर आतलं चित्र ७२० चं असतं. झाडाची पानं, तारांची कुंपणं तिथं लुकलुकतात. म्हणून "कार्ड मधलं आहे, १०८० च बरं" हे वाक्य आरटीएक्स कार्डवाल्यांनी पुन्हा तपासावं. एएमडीच्या कार्डांना एफएसआर आहे, तेच तत्त्व. जुन्या आवृत्त्यांत हलत्या गोष्टींभोवती घोळ जास्त दिसतो.

माझ्या ३०६० वर रेड डेड हाय आणि मीडियम सेटिंगांची मिसळ करून साठच्या आसपास फिरतो. सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब) बंद, डीएलएसएस चालू, साठच्या वर. एल्डन रिंग तर साठलाच कुलूपबंद आहे, तिथं तुमचे १८० हर्ट्झ असून नसून सारखे. एम्पायर्सला काहीच लागत नाही, आणि १४४० ला नकाशाचा जास्त भाग एका नजरेत येतो, हा तर सरळ फायदा. जीटीएक्स १६५० सारखं ४ जीबीचं कार्ड असेल तर मात्र १४४० चा नाद करू नका. ८ जीबीच्या कार्डांवर चालतं, नव्या गेमांत टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा बारकावा) एक पायरी खाली ठेवावं लागतं. आणि १४४० च्या स्क्रीनवर गेम १०८० ला उतरवायचा विचार असेल तर तो सोडा. एका पिक्सेलचे १.३३ पिक्सेल करता येत नाहीत, चित्र काचेला तेल लावल्यासारखं धूसर दिसतं. ४के वर १०८० तरी बरोबर दोनास एक बसतं.

भाचा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आहे. रविवारी जेवायला येतो आणि जेवण होईपर्यंत मॉनिटरवर टीका करतो. तो व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळणारा. त्याचं म्हणणं, "मावशी, कोपऱ्यातला नकाशा बघायला मान वळवावी लागायली. एवढ्यात माणूस मरतो." त्याच्या खेळापुरतं तो बरोबर आहे. स्पर्धेत खेळणारे लोक २४-२५ इंची १०८० वरच खेळतात, कारण सगळी स्क्रीन एका नजरेत मावते आणि फ्रेम भरपूर मिळतात. काउंटर स्ट्राइकमध्ये तर कित्येक जण १२८० बाय ९६० ला उतरवून, चित्र आडवं ताणून खेळतात. त्यांना सुंदर दिसण्याशी घेणंदेणं नाही. त्यानं स्वतःसाठी २४ इंची घेतला, हॉस्टेलच्या टेबलावर तोच बसतो, आणि त्याला तोच शोभतो.

हर्ट्झचं त्याच्याकडून मान्य केलं ते एवढं: ६० हर्ट्झला नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला ६.९, १८० ला ५.६, २४० ला ४.२. पहिल्या उडीत दहा मिलिसेकंद वाचतात, ती आंधळ्यालाही कळेल. १८० वरून २४० ला जेमतेम दीड. त्या दीडसाठी मी पैसे देणार नाही, भाचा देईल. नुसता माउसचा बाण आणि पेजमेकरची पानं सरकवतानासुद्धा १८० चा फरक हाताला जाणवतो, हे मला अपेक्षित नव्हतं.

टीव्हीच लावला तर, असं विचारणारे खूप आहेत. घरातला ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही १३६६ बाय ७६८ चा असतो, इंचामागं ४९ पिक्सेल. जाळीच्या दारातून बघितल्यासारखं दिसतं. ४३ इंची ४के टीव्हीची दाटी १०२, म्हणजे कागदावर चांगली. पण रुंदी ९५ सेंटिमीटर, आणि बऱ्याच टीव्हींवर पीसी मोड नीट लागला नाही की काळ्यावरची लाल अक्षरं फाटतात. पलंगावर बसून, कंट्रोलर घेऊन, गेम मोड चालू करून खेळायला हरकत नाही. दीड फुटी कडप्प्यावर नको.

अल्ट्रावाइडची, म्हणजे जास्त रुंद मॉनिटरची, मला हौस होती, कबूल. ३४ इंची, ३४४० बाय १४४०. उंची २७ इंचीएवढीच, कडेला दोन्हीकडं जास्तीची जागा. पण एल्डन रिंग त्या जागेत काळे पट्टे दाखवतो आणि व्हॅलोरंटही जास्तीचं मैदान दाखवत नाही. त्यात वाकडा पडदा. १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येचा बाक. गेमला छान, पण पत्रिकेची चौकट सरळ आहे की मॉनिटर वाकडा आहे, हे दिवसभर मनात घोळणार. एक करांची गंमत सांगून ठेवते: १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरांवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यांवर २८ असा भेद होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो गेला, सगळ्यांना १८. जुन्या किमती डोक्यात ठेवून ३४ इंची महाग म्हणत असाल तर पुन्हा बघा.

पॅनेलचं थोडक्यात. आयपीएसमध्ये रंग आणि कोन चांगले, काळा रंग राखाडी. व्हीए या दुसऱ्या जातीत काळा खरा काळा. कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण तिप्पट, ३००० ला १. पण स्वस्त व्हीएमध्ये अंधारातल्या वस्तू हलल्या की मागं काजळ ओढल्यासारखा फराटा राहतो. मी आयपीएस घेतला आणि त्याची किंमत रात्री मोजते: दिवे बंद करून रेड डेडमध्ये जंगलात गेलं की खालच्या उजव्या कोपऱ्यात फिकट उजेड दिसतो. सगळ्याच आयपीएसना कमी-जास्त असतो. मॉनिटरच्या मागं भिंतीवर एक झिरोचा बल्ब लावून ठेवला, आता कमी खुपतो. डब्यावरचं 'एचडीआर ४००' वाचून हुरळू नका (एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला वाढवून दाखवणं). त्यात ४०० निट्सचा (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड मागितलाय, पण उजेड ठिकठिकाणी कमी-जास्त करायची अट नाही, म्हणजे दिव्याच्या शेजारचा अंधारही उजळतो. मी ते एकदा चालू करून बंद केलं. '१ एमएस'चंही (पिक्सेल एका मिलिसेकंदात रंग बदलतो असा दावा) तेच. त्या आकड्यासाठी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलांना घाई करायला लावणारं सेटिंग, शेवटच्या पायरीवर न्यावं लागतं आणि मग हलणाऱ्या माणसामागं पांढरी सावली धावते. मधल्या पायरीवर ठेवा.

रंगांबद्दल मात्र तक्रार आहे, आणि ती दिवसपाळीची आहे. गेमिंग मॉनिटर हल्ली रंगांचा पल्ला मोठा देतात. गेमला भडक छान दिसतं. पण लग्नपत्रिकेचा केशरी स्क्रीनवर पेटतो आणि छापून येतो विटकरी. गिऱ्हाईक म्हणतं, "दाखवला तो रंग कुठंय?" मेनूत एसआरजीबी नावाचा, रंगांचा पल्ला नेहमीच्या मापात आणणारा मोड असतो, तो लावला की रंग जागेवर येतात. माझ्या मॉडेलात त्या मोडमध्ये उजेड कमी-जास्त करता येत नाही, बटण मुकं होतं. दुपारी पश्चिमेचं ऊन दारातून येतं तेव्हा हे फार जाचतं. छपाईचं काम करणाऱ्यांनी दुकानात मेनू उघडून एवढं एक तपासावं.

जोडणीत लोक हमखास फसतात, म्हणून सांगते. डब्यात बऱ्याचदा एचडीएमआयची वायर येते. मॉनिटरचं पोर्ट एचडीएमआय २.० असेल तर १४४० ला १४४ हर्ट्झवर थांबावं लागतं. पूर्ण १८० हवे तर डिस्प्लेपोर्टची वायर घ्या. ती मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावा. मग विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ स्वतः बदला, ते आपोआप साठवरच बसलेलं असू शकतं. फ्रीसिंक (मॉनिटरनं कार्डाच्या फ्रेमांच्या वेगाशी जुळवून घेणं) लिहिलेला मॉनिटर एनव्हिडियाच्या कार्डावरही चालतो, जानेवारी २०१९ पासून. जीटीएक्स १० मालिका आणि त्यापुढची कार्डं, डिस्प्लेपोर्टवरून. फ्रेम साठ-सत्तरमध्ये वर-खाली होत असताना चित्र फाटत नाही ते याच्यामुळं. मधल्या कार्डवाल्यांना हा गुण हर्ट्झच्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

आपल्या हवेचं. मॉनिटरच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. नांदेडचा मे महिना ते वाचत नाही. दुपारी दोन ते पाच मी उजेड तीसवर आणते आणि गेम तर नाहीच. कूलरची हवा मॉनिटरच्या पाठीवर घेऊ नका. बोअरच्या पाण्याचा दमटपणा आणि रस्त्याची धूळ एकत्र झाली की मागच्या जाळीत लेप बसतो. वीज खायला मॉनिटर किरकोळ, तीस-चाळीस वॅट. खरा खादाड कार्ड: ३०६० एकटंच १७० वॅट मागतं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो, त्यावर गेम चालू असताना वळवाचा पाऊस आला आणि लाईट गेली तर सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो. तेवढाच धरा.

घेताना ऑनसाइट वॉरंटी असं लिहिलेलं असलं तरी कंपनीच्या साइटवर आपला पिनकोड टाकून बघा. तालुक्याच्या गावी 'ऑनसाइट'चा अर्थ बदलतो आणि डबा तुम्हालाच पाठवावा लागतो. म्हणून डबा आणि थर्माकोल फेकू नका. उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरी, पूर्ण काळी, लाल, हिरवी, निळी अशा पाच चित्रांवर मेलेला पिक्सेल शोधा. एखाद-दुसरा ठिपका कंपन्यांच्या नियमात बसतो, पण परतीची मुदत चालू असताना नियम कुणी विचारत नाही.

स्पीकर आहेत, डब्यावर तसं छापलंय. हेडफोन वापरा.